बाबांची दुनाली आणि पंचेचाळीस दिवस

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्यात बंदुकीबद्दल पाच पत्रं आली. त्यातल्या पहिल्या पत्राला मी आलं त्याच दिवशी फोनवर उत्तर दिलं, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. इथे सविस्तर देते आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वडिलांची बंदूक मागे राहिलेली लोखंडी कपाटं अजून पुष्कळ आहेत.

प्रश्न : माझे वडील भाद्रपदात गेले. त्यांची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आईच्या कपाटात आहे, सोबत चौदा काडतुसं. लायसन १९७८ चं, शेवटचं नूतनीकरण २०२२ मध्ये, म्हणजे २०२७ पर्यंत ते चालू आहे. भाऊ पुण्याला असतो, मी इथे आईजवळ. मुरारला बाबांचे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडेही लायसन आहे आणि ते चाळीस हजार द्यायला तयार आहेत. म्हणतात, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, दोन साक्षीदार घेऊ, कलेक्टोरेटचं मी बघून घेतो. भाऊ म्हणतो, देऊन टाक, घरात ती वस्तू नकोच. आईला मात्र ती जाऊ नये असं वाटतं. अशी विक्री करता येते का? स्टॅम्प पुरतो का?
— एक भगिनी, दौलतगंज, लष्कर

उत्तर : २०२७ ही तारीख आधी मनातून काढा. शस्त्राचा परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही आणि घरालाही नाही. बाबा गेले त्या दिवशी तो संपला. पानावर पुढची तारीख दिसते म्हणून तो आईला, तुम्हाला किंवा भावाला चालत नाही. आज ती दुनाली आणि ती चौदा काडतुसं तुमच्या घरात विनापरवाना आहेत. काडतुसंही, हे विसरू नका. बंदूक जमा करून काडतुसं डब्यात विसरलेली घरं मी पाहिली आहेत.

यावर कायद्यानं सरळ वाट दिली आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१. शस्त्राचा ताबा कोणत्याही कारणानं कायदेशीर राहिला नाही, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस थान्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. मूळ धारक वारला असेल तर त्याच्या वारसांना ते परत मिळवण्याचा हक्क राहतो, अर्थात त्यांना स्वतःला परवाना मिळाला तर. नाहीतर जमा असतानाच ते योग्य माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क राहतो. हा हक्क मुदतीचा असतो. पावती देवघरात ठेवून वर्षानुवर्षं विसरलात, तर कलेक्टर ते शस्त्र सरकारजमा करू शकतात.

उशीर कसा होतो ते मला ठाऊक आहे. माझे वडील १९९६ च्या माघात गेले. त्यांची इकनाली दर खंडेनवमीला पाटावर मांडली जायची, हळदकुंकू वाहिलं जायचं. मी तेव्हा अकरा वर्षं वकिली करत होते, लोकांना हेच कलम सांगत होते, आणि घरात मात्र ‘तेरावं होऊ दे’, ‘चातुर्मास होऊ दे’ म्हणत राहिले, कारण आई त्या कपाटाजवळ गेलं की रडायची. भाद्रपदात आमच्या गल्लीत चोरी झाली. पोलीस घरोघर विचारपूस करत आमच्याकडे आले. हवालदार पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते आणि आतल्या खोलीत ती बंदूक उभी होती. ती संध्याकाळ मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी थान्यात होते. त्या वर्षी खंडेनवमीला आईनं पाटावर विळी, अडकित्ता आणि वडिलांचं फाउंटन पेन मांडलं.

म्हणून तुम्हाला सांगते, उद्याच एक अर्ज लिहा. बाबांचं नाव, परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदुकीचा प्रकार, बोर, बनावट आणि नळीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या. हा क्रमांक शोधायला बंदूक हाताळत बसू नका. तो परवान्याच्या पानावर असतो. निवडणुकीच्या वेळी बाबांनी थान्यात जमा केल्याच्या जुन्या पावत्या असतील, त्यांवरही असेल. आपल्या भागात प्रत्येक निवडणुकीला बंदुका जमा होतात, त्यामुळे ती पावती बहुतेक घरांत परवान्याच्याच पिशवीत सापडते. अर्ज घेऊन आधी माणूस जावा, बंदूक नाही. ठाणेदारांना विचारा, आम्ही आणायची की तुमचा शिपाई येईल? बंदूक भरलेली आहे की रिकामी हे घरात कुणालाच खात्रीनं माहीत नसेल, तर खटका उघडून बघायचा प्रयत्न नको, तेही अर्जात लिहा. जमा केल्यावर पावतीवर क्रमांक आणि चौदा हा आकडा स्वतः वाचून घ्या.

आता विक्री. आपल्याकडे अशी समजूत आहे की बंदूक फक्त दुकानदारच विकू शकतो. ते खरं नाही. कलम ५ च्या पोटकलम २ प्रमाणे खाजगी माणूस स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र विक्रीचा परवाना नसतानाही दुसऱ्याला विकू शकतो किंवा देऊ शकतो. समोरचा ते बाळगायला पात्र हवा. पण त्याला दोन अटी आहेत. विकणाऱ्यानं आपला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरना, किंवा जवळच्या थान्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचा. आणि कळवल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत शस्त्र हातातून सोडायचं नाही.

कळवायचं कोणी, हे नीट वाचा. विकणाऱ्यानं. मुरारचे काका ‘कलेक्टोरेटचं मी बघून घेतो’ म्हणतात, त्यांचा हेतू चांगला असेलही. पण हे काम कायद्यानं त्यांच्यावर टाकलेलंच नाही. ज्याच्या हातून शस्त्र सुटतं, त्यानं कळवायचं. मधले पंचेचाळीस दिवस घेणारा माणूस कोण, कसा, हे पोलिसांना तपासता यावं यासाठी आहेत.

तुमच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे. कलम ५ ची ती सवलत ‘कायदेशीरपणे बाळगलेल्या’ शस्त्राला आहे, आणि तुमच्या कपाटातलं शस्त्र आज तसं नाही. त्यामुळे कपाटातून थेट काकांच्या हातात, हा रस्ता पंचेचाळीस दिवस थांबूनही तुमच्यासाठी उघडत नाही. आधी जमा, मग वारस म्हणून कलम २१ खाली विक्रीचा अर्ज. त्याच अर्जात काकांचं नाव-पत्ता आणि त्यांच्या परवान्याची प्रत लावा, आणि पंचेचाळीस दिवस तिथेही पाळा. सोबत मृत्यूचा दाखला, बाबांचा मूळ परवाना, जमा पावती, आणि आई व भावाचं ना-हरकत शपथपत्र जोडा. कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत पहिला प्रश्न बाकीच्या वारसांचा येतो, म्हणून भावाला पुण्यातून ते शपथपत्र आत्ताच पाठवायला सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्क्याच्या त्या तारखेपासून दिवस मोजा. परवानगी आल्यावर बंदूक जिथे जमा आहे तिथूनच काकांनी घ्यावी आणि त्यांच्या परवान्यावर तिची नोंद व्हावी. ती पुन्हा तुमच्या घरी येण्याचं कारण नाही. पैसे त्या दिवशी, बँकेतून. ‘चार दिवस बघायला नेतो’ असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, बाबांचे मित्र असले तरी.

काकांचा परवाना तुम्ही स्वतः उघडून बघा, यात संकोच नको. मुदत संपली आहे का? त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का? किती शस्त्रं चढलेली आहेत? २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोन आधीच असतील तर तुमची तिसरी त्यांना घेता येणार नाही. बारा बोरची बंदूक त्यांच्या परवान्यात बसते का, तेही बघा. शिवाय घेणारा एकवीस वर्षांच्या आतला नको. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन, ती भोगून पाच वर्षं झाली नसतील तर तोही नको. शांतता राखण्याचा जामीन ज्याच्याकडून लिहून घेतला आहे, असाही चालत नाही. ही चौकशी न करता शस्त्र दुसऱ्याच्या हातात देणं हा कलम २९ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे.

आणि स्टॅम्प. २००४ मध्ये माझ्याकडे एक शाळामास्तर आले. त्यांनी काही वर्षांपूर्वी आपली दुनाली ओळखीच्या एका लायसनदाराला विकली होती. स्टॅम्प, साक्षीदार, नोटरी, सगळं व्यवस्थित. कळवलं मात्र कुणालाच नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन शस्त्रं आधीच होती, म्हणून त्यानं ही नोंदवलीच नाही, पुतण्याकडे ठेवली. भिंडकडच्या एका वरातीत हर्ष फायर, म्हणजे आनंदाच्या भरात गोळीबार, झाला आणि बँडमध्ये झांज वाजवणाऱ्या पोराच्या खांद्यात छर्रे घुसले. पोर वाचलं. हात मात्र पुढे नीट उचलला नाही. नळीवरचा क्रमांक रजिस्टरात शोधला तेव्हा नाव निघालं मास्तरांचं. ते मोठ्या विश्वासानं स्टॅम्प घेऊन आले होते. मी तो वाचला आणि त्यांना सांगावं लागलं की तुमच्याविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा हाच आहे. अमुक तारखेला, कलेक्टरना न कळवता, मी माझी बंदूक अमक्याच्या हातात दिली, असं तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून दिलं आहे. सहा वर्षं ते तारखांना येत होते, सायकलीवरून, निवृत्त झाल्यावरही.

न कळवता किंवा पंचेचाळीस दिवसांच्या आत विकलं तर कलम २५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पाचशेचा आकडा बघून लोक ते हलकं समजतात. पण घेणारा पात्रच नसेल, तर विकणाऱ्याला ती खाजगी विक्रीची सवलत उरत नाही. मग ती विनापरवाना विक्री ठरू शकते, आणि २०१९ पासून तिची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. वरातीत निष्काळजीपणे फायर करणाऱ्यालाही त्याच वर्षापासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

राहिली आई. तिला बंदूक हवी आहे की बाबांची एक वस्तू घरात हवी आहे, हे तिच्याजवळ बसून विचारा. खरंच ठेवायची असेल तर शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे तुमच्यापैकी कोणीही वारस स्वतःच्या नावे परवाना मागू शकतो. पोलीस चौकशी होईल, वैद्यकीय दाखला लागेल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. तोवर बंदूक जमाच राहील. तुमच्या घरात ती चालवणारं कुणी नाही, म्हणून माझं मत विकण्याकडे आहे. बाबांचा काडतुसांचा चामडी पट्टा आहे, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तो रिकामा करून आईजवळ राहू द्या, त्याला परवाना लागत नाही.

प्रश्न : माझं वय ७४. ३१५ बोरची रायफल ३१ वर्षांपासून आहे. मुलीला द्यायची इच्छा आहे, तिला नेमबाजीची आवड आहे. बक्षीसपत्र करून दिलं तर पंचेचाळीस दिवसांची भानगड टळेल ना? पैसे तर घेणारच नाही.
— एक ज्येष्ठ वाचक, शिंदेची छावणी

उत्तर : आजोबा, नाही टळत. कायद्यात शब्द ‘विक्री किंवा हस्तांतरण’ असे आहेत. भेट हेही हस्तांतरणच. पण तुमच्यासाठी याहून चांगला रस्ता आहे. त्याच नियम २५ मध्ये, परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा, त्यानं नेमलेल्या वारसाला परवाना देता येतो. तुमच्या दोन्ही गोष्टी पूर्ण आहेत. मुलीचं नाव सुचवून तुम्ही अर्ज करा, तिनं तिचा अर्ज करावा. ती लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर तिचा अर्ज तिच्या जिल्ह्यात जाईल. तिच्या हातात परवाना येईपर्यंत रायफल तुमच्याकडेच, तुमच्या कुलपात. माहेरपणाला आली म्हणून तिच्याबरोबर गाडीत पाठवू नका. मुलाऐवजी मुलीचं नाव घालताय, याचा मला फार आनंद झाला. तिचा अर्ज लिहायला मी बसेन.

प्रश्न : फौजेतून निवृत्त आहे. जुन्या परवान्यावर तीन शस्त्रं होती. दोनचा नियम आल्याचं कळलं, पण तिसरं अजून घरीच आहे. आता शांतपणे कुणा लायसनदाराला विकून टाकावं का?
— मुरार

उत्तर : शांतपणे काहीच करू नका. १४ डिसेंबर २०१९ ला नवी मर्यादा लागू झाली. जास्तीचं शस्त्र जमा करायला एक वर्ष दिलं होतं, म्हणजे १३ डिसेंबर २०२० पर्यंत. त्यानंतर नव्वद दिवसांत ते परवान्यावरून काढायचं होतं. तुमचं तिसरं शस्त्र आता कायदेशीर ताब्यात धरलं जाणार नाही, म्हणून ते खाजगीरीत्या विकण्याची सवलतही तुम्हाला नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा आता दोन ते पाच वर्षं आणि दंड आहे. फौजदारी काम करणारा वकील सोबत घ्या, उशिराचं खरं कारण अर्जात लिहा आणि स्वतःहून जमा करा. माजी सैनिकाच्या घरी झडतीत शस्त्र निघणं आणि त्यानं ते स्वतः नेऊन देणं, या दोन्हींकडे न्यायालय एकाच नजरेनं बघत नाही. हे उत्तर छापायच्या आधीच तुम्हाला वेगळं कळवलं आहे. अजून गेला नसाल तर आज जा.

प्रश्न : वाड्याच्या भिंतीवर पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आणि दोन तलवारी आहेत. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मागतो आहे. हीसुद्धा शस्त्रंच धरायची का?
— चिटणीसांची गोठ

उत्तर : ज्या जुन्या शस्त्राचा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून उपयोग होऊ शकत नाही, त्याला कलम ४५ प्रमाणे हा अधिनियम लागू नाही. प्रश्न एवढाच की ‘होऊ शकत नाही’ हे कोण ठरवणार. तुम्ही नाही आणि तो व्यापारीही नाही. ठासणीची बंदूक साधी असते, गंज काढून चालती करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. थान्यामार्फत तपासणी करून लेखी घ्या. दुसरी गोष्ट, ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम १९७२ कडेही बघावं लागेल. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्यापाऱ्याला त्याचा परवाना दाखवायला सांगा. तलवारींचंही तपासणीच्या त्याच अर्जात लिहा. माझं विचाराल तर पणजोबांची बंदूक भिंतीवरच शोभते, पण निर्णय तुमच्या घराचा.

प्रश्न : मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर निम्म्या किमतीत मिळतंय, ‘कागदपत्रांसह घरपोच’. आधी दहा हजार पाठवायचे. माझ्याकडे परवाना आहे. घेऊ का?
— थाटीपूर

उत्तर : घेऊ नका. पैसे पाठवलेत तर बहुतेक ते बुडतील. आणि रिव्हॉल्व्हर खरंच आलं तर त्याहून वाईट, कारण ते कुणाच्या नावावर होतं आणि कुठे वापरलं गेलं हे तुम्हाला माहीत नसेल. नळीवरचा क्रमांक घासून काढलेलं शस्त्र विकणं हाही गुन्हा आहे, आणि असं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं त्यानंच तो घासला असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध होईपर्यंत. खऱ्या विकणाऱ्याला नाव आहे, परवाना आहे, आणि त्यानं कलेक्टरना दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली प्रत आहे. ती प्रत तो दाखवणार नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. त्या ग्रुपचे स्क्रीनशॉट मात्र ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवा.